कागदाची उत्तरक्रिया

दिल्लीत माणसाला मरण आहे, कागदाला नाही. माणूस बदली होऊन जातो, निवृत्त होतो, यथाकाल निगमबोध घाटावरही जातो. पण त्याने कधीकाळी दिलेला रजेचा अर्ज कुठल्याशा भवनातल्या कुठल्याशा कपाटात टॅग लावून, फीत बांधून सुखरूप असतो. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीत फायलींनाही वर्णव्यवस्था आहे. ‘ए’ वर्गाची फाइल कायम जपायची आणि तिची मायक्रोफिल्मही काढायची. ‘बी’ वर्गाची जपायची, पण मायक्रोफिल्मचे लाड नाहीत. ‘सी’ वर्गाची जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवायची आणि मग नष्ट करायची. ही शेवटची पायरी आली की सगळ्या सेक्शनला घाम फुटतो. उद्या संसदेत प्रश्न आला तर? कुणी माहितीच्या अधिकारात मागितली तर? मग फाइल पुन्हा कपाटात. यात हसण्यासारखं काही नाही. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे सरकारी कागद नियम सोडून नष्ट केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्या भीतीखाली कोण कशाला काय फाडेल?

शेवटी सरकारलाच दया आली. २०२१पासून दर वर्षी २ ते ३१ ऑक्टोबर विशेष स्वच्छता मोहीम चालते. फायली, तीन पायांच्या खुर्च्या, बंद पडलेले संगणक असं सगळं बाहेर निघतं आणि विकलं जातं. २०२४ अखेरपर्यंत या भंगारातून दोन हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम जमा झाली. एवढ्या पैशांत नव्या फायली किती येतील, याचा हिशेबही कुणीतरी एका फाइलवर नक्की मांडला असणार.

अशा शहरात मी बागेत पुठ्ठे आणि कातरलेला कागद अंथरतो. बाग हा शब्द जरा मोठा आहे. मयूर विहारातल्या डीडीएच्या, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, तळमजल्याच्या फ्लॅटपुढे जी पट्टी असते, जिच्या मालकीबद्दल डीडीए, महापालिका आणि तळमजलेवाला यांची मतं तीन वेगळी असतात, तीच ती. त्या पट्टीत वांगी, मिरच्या, गवती चहा, एक हट्टी कढीलिंब आणि बाजूने गाझीपूरच्या डोंगराचा वारा. सह्याद्रीची आठवण आली की गच्चीवर जायचं. आमच्याकडे डोंगर म्हणजे गाझीपूरचा कचऱ्याचा ढीग. तो १९८४ साली सुरू झाला, २००२ साली भरला असं ठरलं आणि तरी वाढतच राहिला. २०१९च्या सुमारास त्याची उंची पासष्ट मीटरच्या आसपास गेली होती आणि वर्तमानपत्रं त्याची तुलना ताजमहालाशी करत होती. त्या डोंगराकडे रोज पाहणाऱ्या माणसाला घरातला कागद घरातच जिरवावा असं वाटलं, तर त्याला पर्यावरणप्रेमी म्हणू नये. तो फक्त घाबरलेला असतो.

अंथरायचं कारण सरळ आहे. मे महिन्यात दिल्लीची उघडी माती इतकी तापते की तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. सकाळी घातलेलं पाणी दुपारी लू पिऊन टाकते, आणि उरलेली माती आंधीबरोबर उडून शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसते. माती झाकली की ओल टिकते, मुळं भाजत नाहीत, उजेड न मिळाल्याने तण मरतं, आणि खाली अंधारात गांडुळं जमतात. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या शेतीपद्धतीच्या चार खांबांपैकी एक आच्छादन आहे. बाकीचे बीजामृत, जीवामृत आणि वाफसा. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर तर ‘प्रयोग परिवारा’तून कितीतरी आधी सांगत होते की काडीकचरा, पालापाचोळा ही टाकायची नाही, मातीला द्यायची वस्तू आहे. दोघांच्याही सांगण्यात ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरच्या खोक्याचा उल्लेख नाही. पण त्यांच्या दारात दर दोन तासांनी कुणीतरी डिलिव्हरीवाला उभा राहत नसावा. एनसीआरमध्ये पाचट नाही, पेंढा नाही, खोकी मात्र मुबलक. एक टूथब्रश मागवला तरी तो ज्या खोक्यात येतो त्यात एखादं कुटुंब राहू शकेल.

सांगलीच्या मामांना मी फोनवर उत्साहाने हे सांगितलं. मामांचं आयुष्य उसात गेलं. पाचट जाळायचं नाही, सरीत ठेवून कुजवायचं, हे त्यांनी गावात भांडून भांडून रुजवलेलं. ते एकदम खूश झाले.

“मल्चिंग पेपर टाकलास होय? शाब्बास! किती मायक्रॉनचा घेतलास?”

महाराष्ट्रातल्या शेतात ज्याला मल्चिंग पेपर म्हणतात तो वरून चंदेरी, आतून काळा असा प्लास्टिकचा कागद असतो, हे मला त्या क्षणी आठवलं.

“मायक्रॉन नाही मामा, खोकी आहेत. पुठ्ठ्याची.”

“खोकी?” मामांचा आवाज खाली आला. “अरे, फोनवर असलं बोलू नये.”

२०२२च्या ‘पन्नास खोके’च्या घोषणांपासून मराठी माणसाला ‘खोके’ हा शब्द मोकळेपणाने उच्चारता येत नाही. मी एकदा कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवताना मित्राला नुसतं म्हणालो, “घरात पन्नासेक खोकी पडून आहेत, तुला हवी तर घेऊन जा,” तेव्हा तीन टेबलांवरचे चमचे थांबले होते.

आमच्या माळ्याची हरकत राजकीय नव्हती, सौंदर्यविषयक होती. दिल्लीच्या माळ्याचं बागेचं चित्र ठरलेलं असतं: गेरू फासलेल्या कुंड्या, वाफ्याच्या कडेला तिरप्या रोवलेल्या विटा, त्यांनाही गेरू, आणि मधे खुरप्याने भुसभुशीत केलेली, स्वच्छ, उघडीवाघडी माती. मातीवर एक पानसुद्धा दिसलं तर त्याला आपली रोजी हलाल झाली नाही असं वाटतं. त्याने पहिल्यांदा अंथरलेले पुठ्ठे पाहिले आणि बराच वेळ गेटातच उभा राहिला.

“साब, मकान खाली कर रहे हो क्या?”

मी त्याला गांडुळांबद्दल सांगितलं. तो अदबीने ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सगळे पुठ्ठे घडी करून, सुतळीने बांधून, जिन्याखाली नीट रचून ठेवलेले सापडले आणि वाफा आरशासारखा लख्ख. असं बरेचदा झालं. शेवटी तह झाला: पुठ्ठा राहील, पण त्यावर कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा थर येईल, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला पुठ्ठा दिसणार नाही. होळीनंतर दिल्लीतले कडुनिंब पानं गाळतात, तेव्हा पानांचा तोटा नाही. आणि बागशास्त्रही हेच सांगतं, की पुठ्ठा उघडा ठेवू नये, वर पाला टाकावा. सौंदर्यदृष्टीतून तो शास्त्रापर्यंत पोहोचला, मी शास्त्रातून सौंदर्यदृष्टीपर्यंत. वाटेत आमची गाठ पडली, पण मान्य कुणीच केलं नाही.

खरी पंचाईत पुठ्ठ्यावर हक्क सांगणाऱ्यांची. दिल्लीत पडलेली वस्तू बेवारस कधीच नसते. पहिला हक्क कबाडीवाल्याचा. त्याच्या दृष्टीने मी रोज त्याच्या पोटावर पाय देतो. “भाईसाब, अच्छा-भला माल मिट्टी में मिला दिया,” असं तो अगदी शब्दशः खरं बोलतो. आणि त्याच्या बाजूने अर्थशास्त्र आहे. दिल्लीची पुठ्ठ्याची रद्दी ज्या गिरण्यांकडे जाते त्यांतल्या कितीतरी मुझफ्फरनगरला आहेत. तिथे तिचा लगदा होतो, पुन्हा तपकिरी क्राफ्ट कागद होतो आणि नवं खोकं होऊन ती माझ्याच दारात येते. कागदाच्या तंतूला असे पाचसात जन्म मिळू शकतात. तेव्हा कोरडा, धड, स्वच्छ पुठ्ठा मातीत घालणं म्हणजे पुनर्जन्माच्या रांगेतल्या जिवाला थेट मोक्ष देणं. हे मला पटलं. आता धड खोकी त्याला जातात. भिजलेली, फाटलेली, पिझ्झाच्या तुपकट डागांची मातीला. तुपकट कागद कबाडीला नको असतो, गांडुळाचा मात्र पथ्यपाण्यावर विश्वास नाही.

दुसरा हक्क गाईचा. पुठ्ठा भिजवून ठेवला की त्याच्या खळीचा वास सुटतो. पुठ्ठ्याचे थर चिकटवायला पिष्टाची खळ वापरतात, हे गाईला माझ्याआधी माहीत होतं. फाटक उघडं राहिलं की वाफ्याचा एक कोपरा तिने जेवलेला असतो. तिसरा, थंडीतल्या कुत्र्यांचा. त्याबद्दल तक्रार करायची हिंमत आमच्या सोसायटीत कुणाला नाही. श्वानपक्ष आणि श्वानविरोधी पक्ष यांच्यातल्या युद्धात आच्छादनाचा मुद्दा आणायला मी वेडा नाही. चौथा हक्क रात्रीच्या चौकीदाराचा. डिसेंबरच्या रात्री दोन वाजता शेकोटी पेटवायला पुठ्ठ्याइतकी उत्तम गोष्ट नाही. खरं म्हणजे कचरा आणि पाला उघड्यावर जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवला. हवा बिघडली की ‘ग्रॅप’ हा टप्प्याटप्प्यांचा आराखडा लागू होतो, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात तर सोसायट्यांनी चौकीदारांना विजेचे हीटर द्यावेत असंच लिहिलेलं आहे. आमच्या सोसायटीने हीटर आणला. तो कार्यालयात, कुलपात असतो, कारण चोरीला जाईल.

पाचवी हक्कदार वाळवी. बागकामाची पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेच्या बागांमध्ये लिहिलेली असतात. त्यांत पुठ्ठ्याखाली गोगलगायी होतात असा प्रेमळ इशारा असतो. उत्तर भारतात पुठ्ठा कोरडा राहिला की वाळवी येते आणि रातोरात त्याच्यावर मातीचा गिलावा करून आत कामाला लागते. इथे सर्रास आढळणारी ओडोंटोटर्मिस जातीची वाळवी नुसती खात नाही. ती चावलेला माल वारुळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाते. म्हणजे मी ज्या वाफ्यात वांगी लावतो, त्याच्याच खाली दुसरं कुणीतरी माझ्याच खोक्यांवर पीक घेत असतं आणि त्याचं पीक जास्त चांगलं येत असणार. धसका घेण्याचं कारण नाही. पुठ्ठा सतत ओला ठेवला तर गांडुळं आणि जिवाणू वाळवीच्या आधी फडशा पाडतात. पण भिंतीला, दाराच्या चौकटीला लागून तो अंथरू नये, एवढं मी हात जोडून सांगतो. वाळवीला वाफा आणि दिवाणखाना यांतला फरक कळत नाही. नव्हे, कळतो, आणि दिवाणखाना आवडतो.

तणांचं म्हणाल तर बहुतेक तण पुठ्ठ्याखाली मुकाट्याने मरतं. अपवाद लव्हाळ्याचा. तुकोबांनी महापुरातून वाचवलेला हा गडी खोक्याला काय भीक घालतो! त्याचा टोकदार कोंब दुहेरी पुठ्ठ्याला भोक पाडून वर येतो आणि आजूबाजूला पाहतो. हरळी भोक पाडत नाही. ती सरकारी पद्धतीने दोन पुठ्ठ्यांमधली फट शोधते. म्हणून पुठ्ठे वीतभर एकमेकांवर चढवून ठेवावेत. आणि अंथरण्याआधी टेप, पिना, पत्त्याची चकचकीत चिकटपट्टी सगळं सोलून काढावं. फीत सोडल्याशिवाय या शहरात कुठलीच गोष्ट पुढे सरकत नाही, मातीतही नाही.

एक कागद मात्र माती घेत नाही, तो म्हणजे दिल्लीची लग्नपत्रिका. आपली पत्रिका कशी, पातळ कागद, वर गणपती, कोपऱ्यांना हळदकुंकू, आत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. पहिल्या पावसात गांडुळं ती सहकुटुंब सहपरिवार खाऊन टाकतात. देवउठनी एकादशीनंतर दिल्लीत जी येते ती पत्रिका नसते, पेटी असते. चावडी बाजारात त्यांची गल्लीच्या गल्ली आहे. वर मखमल, आत लोहचुंबकाचं झाकण, सोनेरी वर्खाची अक्षरं, पाच समारंभांचे पाच जाड पुठ्ठे आणि कप्प्यांत बदाम-काजू. बदाम-काजू आम्ही जिरवतो, बाकी जिरत नाही. प्लास्टिकचा थर दिलेला पुठ्ठा पाणी आत घेत नाही, वर्ख कुजत नाही, मखमलीकडे तर गांडूळ ढुंकून पाहत नाही. एका जोडप्याच्या मुलाचं जावळ होऊन गेलं, पण त्यांचा ‘संगीत’ समारंभ अजून कढीलिंबाच्या बुंध्याशी वाचता येतो.

वर्तमानपत्राचं उलट. त्याचे इतके हाल कुणी केले नसतील. २०२३ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुन्हा बजावलं की वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते. पकोड्याखालची जागा गेली, आणि वाचायला तर मोबाइल आहे. आता त्याला आमच्या वाफ्याशिवाय कोण आहे? चारपाच पानांचा ओला थर द्यावा, वर पाला घालावा. रंगीत गुळगुळीत पुरवण्या वगळाव्यात. अग्रलेख काय आणि शेअर बाजाराचं पान काय, गांडुळाची गती सारखीच.

कातरलेल्या कागदाकडे मी मुद्दाम उशिरा वळतोय, कारण तो माझा नाही, आमच्या शेजाऱ्यांचा आहे. शेजारी निवृत्त अवर सचिव आहेत. आयुष्यभर त्यांना एकही कागद फाडता आला नाही, त्याची भरपाई म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी श्रेडर घेतला. कारण विचारलं तर ‘आधारच्या झेरॉक्सचा गैरवापर होतो’ असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण यंत्र चालू असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं त्याचा आधारशी संबंध नसावा. १९३५च्या सुमारास जर्मनीत अडोल्फ एहिंगर नावाच्या गृहस्थाने घरगुती शेवया पाडायच्या यंत्रावरून कागद कातरायचं यंत्र बनवलं असं सांगतात. शेजाऱ्यांकडून पिशवी भरून येते तेव्हा त्यावर विश्वास बसतो. वीजबिलांच्या शेवया, विमा हप्त्यांच्या शेवया, आणि मधेच एखादी फिकट हिरवी. ती सरकारी टिप्पणीच्या कागदाची. नियमात बसणारी, कोरी उरलेली, असं ते दोनदा सांगतात.

लांब पट्ट्यांवर त्यांचा विश्वास नाही. १९७९ साली तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासाने घाईघाईने कातरलेले कागद इराण्यांनी गालिचे विणणाऱ्या कारागिरांकडून जुळवून घेतले आणि त्यांची पुस्तकं छापली, ही गोष्ट ते मयूर विहारच्या संदर्भात सांगतात. म्हणून त्यांनी उभाआडवा कातरणारा श्रेडर घेतला. बागेच्या बाजूने मला ते परवडत नाही. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा पाण्याने घट्ट लगदा होतो आणि सुकल्यावर पापड. पापडावरून पाणी वाहून जातं आणि खाली माती कोरडी. शिवाय सुका चुरा मेच्या आंधीत टाकला तर गोपनीयतेचं काय होतं ते सगळ्या वस्तीला वाचायला मिळतं. उपाय साधा: आधी भिजवायचा, पाल्यात किंवा वाळल्या गवतात मिसळायचा, पातळ पसरायचा. मातीत खणून कालवायचा नाही. कागदात कर्ब भरमसाट आणि नत्र जवळजवळ नाही. तो कुजवायला बसलेले जिवाणू लागणारं नत्र मातीतून उसनं घेतात. परत करतात, पण सावकाश, आणि तोवर वांगी पिवळी पडून बसतात. वर अंथरला तर ही उसनवारी वरच्या वरच राहते. दुकानातली गुळगुळीत थर्मल पावती मात्र अजिबात नको, तिच्यावर शाई नसते, रसायन असतं. आणि मुळात हा चुरा कबाडीवालाही घेत नाही. तंतू तुटून आखूड झालेले, गठ्ठा बांधता येत नाही. म्हणजे एकूण कागदांत बागेचा खरा हक्क कुणावर असेल तर याच्यावर.

कुजायला घाई असेल तर दिल्लीचाच उपाय आहे. पुसाच्या कृषी संशोधन संस्थेने पराली शेतातच कुजवण्यासाठी बुरशीच्या कॅप्सूल काढल्या; २०२० साली दिल्ली सरकारने त्यांचं द्रावण शेतांवर फवारलं. कृती ऐकाल तर सौ. पदर खोचून उठतील: पाच लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ उकळा, निवू द्या, पन्नास ग्रॅम बेसन घाला, मग चार कॅप्सूल. आमच्याकडे पहिल्यांदा गूळ-बेसन निघालं तेव्हा घरात सगळ्यांनी ताटं घेतली होती.

तर शेजाऱ्यांचं. ते माझ्या वाफ्यांची नोंदवही ठेवतात. कुठल्या पिशवीत काय होतं, ती कुठे गेली, तारीख, सही. ‘वांगी, दुसरी रांग: वीजदेयके, २००९ ते २०१४.’ ‘मिरची: बँक विवरणे.’ गांडुळांनी कामात दिरंगाई केल्यास जबाबदारी कुणाची, असा एक रकानाही आहे. त्यात माझं नाव आहे. अलीकडेच एका कार्यालयाने त्यांच्याकडे २०११ सालच्या बिलाची मूळ प्रत मागितली. त्यांनी नोंदवही उघडली, माझ्या वाफ्यापाशी उभे राहून खातरजमा केली आणि उत्तर लिहिलं: सदर देयकाची मूळ प्रत वांग्याच्या मुळाशी असून ती आता सादर करता येत नाही. पंधरवड्यात उलट पत्र आलं. वरील बाब सत्य असल्याचं शपथपत्र पाठवावं, तीन प्रतींत.

शपथपत्राचा कागद जाड असतो, चकचकीत नसतो, त्याला टेपही नसते. चौथी प्रत काढा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मिरच्यांकडे एक कोपरा अजून उघडा आहे.